शाल ठेवा, बिल फेडा

चित्रं काढून बीदर जिल्ह्यातल्या औरादमध्ये पोट भरत नाही, हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ते बोलणाऱ्यांत चित्रं काढून घेऊन पैसे बुडवणारे लोक मी फार पाहिले आहेत. शिवजयंती असो, बसव जयंती असो, अमरेश्वराची जत्रा असो, शाळेचं गॅदरिंग असो की नव्या दुकानाचं उद्घाटन, चित्रकार सगळ्यांना लागतो. मंडपवाला ॲडव्हान्स घेतो. डीजेवाला मिरवणूक निघायच्या आधी नोटा मोजून घेतो. पेंटरला मात्र 'आपलाच माणूस आहेस, तुझं नाव होईल' एवढं ऐकवतात आणि शाल-नारळ हातात देतात. एका संस्थेने माझ्याकडून अख्खी भिंत रंगवून घेतली, रंगाचे तेवढे पैसे दिले आणि मजुरीच्या जागी माझा सत्कार केला. सत्काराने किराण्याची उधारी फिटत नाही, हे व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ही कलेची कदर नव्हे, मजुरी बुडवणं आहे.

पैशाचा विषय काढला की कला बाटते, ही शिकवण आम्हाला दिली ती महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्यांनी. त्यांनी जरा आपल्याच मुलखाकडे पाहावं. चित्रकार एस. एम. पंडित 1916 मध्ये गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, जन्मले. मुंबईला जाऊन जे. जे. कलाशाळेत शिकले. त्यांनी एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीच्या सिनेमांची शोकार्डं रंगवली, बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाची मुखपृष्ठं केली, सिनेमाची पोस्टरं केली, देवादिकांची कॅलेंडरं केली. गिऱ्हाईक मागेल ते काम मुदतीत आणि दाम घेऊन केलं. 'कॅलेंडरवाले' म्हणून त्यांच्याकडे नाक मुरडणाऱ्यांपैकी कितीजण त्यांच्यासारखा हात काढू शकले असते?

त्याच वर्षी गोव्यात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल त्याच्याही पुढे गेले. प्रकाशकांसाठी ढिगाने मुखपृष्ठं करतानाच 1945 मध्ये त्यांनी स्वतःचं 'दीपावली' हे नियतकालिक सुरू केलं. त्यांचं चित्र त्यांच्याच अंकात छापलं जाऊ लागलं. किती प्रती काढायच्या, कुठे विकायच्या, हे ठरवणारा दुसरा कुणी उरला नाही. चित्रकाराचं घर कॅनव्हासच्या एका विक्रीवर वर्षानुवर्षं चालत नाही. ते चालतं छपाईच्या हक्कावर. आणि तोच हक्क आम्ही औरादपासून कलबुर्गीपर्यंत फुकट वाटत सुटलो आहोत.

फ्लेक्स आला आणि बोर्ड रंगवणाऱ्यांचा धंदा बसला, असं सरसकट म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. मशिनीला चित्र लागतंच. ते कुणाचं घेतलं, हे कुणी विचारत नाही. पोरगा आठवडाभर खपून महाराजांचं चित्र काढतो, कौतुकाने व्हॉट्सॲपवर टाकतो, आणि चार दिवसांत ते चौकातल्या बॅनरवर कुणा पुढाऱ्याच्या फोटोशेजारी झळकतं. छापणारा चौरस फुटाचे पैसे घेतो. चित्रकाराचं नावसुद्धा खाली नसतं. बॅनर लावणाऱ्यांत मराठी अस्मितेच्या नावाने गळा काढणारेही असतात. मराठी पोराच्या मेहनतीचे पैसे बुडवताना त्यांची अस्मिता कुठे जाते?

कायदा या बाबतीत मुका नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा हक्क चित्रकाराचा. कॅनव्हास विकला तरी छपाईचा हक्क आपोआप जात नाही. तो द्यायचा तर सही केलेला कागद लागतो. कागदावर मुदत नसेल तर पाच वर्षं धरतात. हक्क चित्रकाराच्या हयातीत टिकतोच, शिवाय मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे राहतो. मात्र पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचं उलटं आहे. वेगळा करार नसेल, तर हक्काचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणून तोंडी ऑर्डर घेणारा पेंटर चित्राबरोबर त्याचा हक्कही देऊन मोकळा होतो. हे वाचून मंडळवाल्यांनी खूश होऊ नये. गिऱ्हाइकाला मालकी मिळते ती मोबदला दिला म्हणून. शालीवर बोळवण केलेल्या चित्रावर कसली मालकी सांगता? माझं म्हणणं स्पष्ट आहे: जिथे दाम दिला नाही, तिथे हक्क चित्रकाराचाच आहे, आणि विचारल्याशिवाय छापलेला प्रत्येक फ्लेक्स चोरीचा आहे.

आमच्या बीदरमध्ये कलेच्या मानाला तोटा नाही. इथल्या बिदरी या धातूकलेला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 मध्ये बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री मिळाली. दोन्हींचा मला अभिमान आहे. पण मानांकनाने नाव राखलं जातं. जस्त-तांब्याच्या सुरईत चांदीची तार ठोकत बसलेल्या कारागिराची रोजची मजुरी त्यातून ठरत नाही. ती व्यापाऱ्याशी बसून ठरवावी लागते, आणि ते करायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आमच्या पेंटर पोरांनाही ते कुणी शिकवत नाही. कलेच्या पदवीला मुलं शरीररचना शिकतात, यथार्थदर्शन शिकतात, युरोपातल्या चळवळी पाठ करतात आणि कोटेशन कसं लिहायचं हे न कळता बाहेर पडतात. ही शिकवणाऱ्यांची बेपर्वाई आहे, आणि तिची किंमत गरीब घरातली पोरं मोजतात. शेवटच्या वर्षाला एक पेपर ठेवा. खऱ्या गिऱ्हाइकाकडून खरं काम आणायला लावा. ॲडव्हान्स किती, दुरुस्त्या किती वेळा, चित्र कुठे आणि किती दिवस छापणार, नाव कुठे येणार, हक्क कुणाकडे, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या आणल्याशिवाय पास करू नका.