तरावीह आणि खुर्ची

रमजानच्या रात्री तरावीहची जादा नमाज असते. आपल्याकडे बहुतेक मशिदींत २० रकअती, म्हणजे ४० वेळा जमिनीला कपाळ टेकायचे. अलीकडे तिथे खुर्च्या वाढल्या. आजारी, वृद्धांना बसून पढण्याची मुभा आहेच. पण चाळिशीतले धडधाकट दिसणारे दुकानदारही खुर्ची ओढतात, हे खटकते. त्यांचे गुडघे दिवसभर गल्ल्यावर बसून आखडलेत. लंडनच्या डबलडेकर बसवरील १९५३चा अभ्यास प्रसिद्ध आहे: बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. तासाभराच्या तरावीहने दहा तासांची बैठक भरून निघत नाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा उठावे, जोहरच्या नमाजला चालत जावे. कोपऱ्यावरच्या मशिदीसाठी स्कूटर कशाला? शेजारच्या पेढीवरच्या शेठजींनाही, रोजा नसला तरी, हेच सांगेन.