विहिरीवरचा येशू आणि मगनवाडीचे कुमारप्पा

माझा एक मावसभाऊ रविवारी ख्रिस्ती असतो आणि सोमवारी हिंदू. तहसीलच्या पायऱ्या चढायच्या आधी गळ्यातला क्रूस काढून खिशात टाकतो. एकदा मी छेडलं, "काऊन रे, तुहा देव खिशात काऊन?" तो म्हणाला, "पोराची फी तू भरतं का?" माझी बोलती बंद.

हसू नका दोस्तहो. हाच सुरा आपल्या गळ्यावरूनही फिरलाय. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरवलं की अनुसूचित जातीचा माणूस फक्त हिंदूच असू शकतो. 1956 ला शीख आत घेतले. त्याच वर्षी आपण नागपूरला धम्म घेतला, आणि केंद्राच्या यादीत शिरायला आपल्याला 1990 उजाडलं. चौतीस वर्षं! दलित ख्रिस्ती तर अजून दाराबाहेरच आहे. सवलत नाही ती नाहीच, पण गावात जातीवरून मार खाल्ला तर 1989 चा अत्याचारविरोधी कायदाही त्याचा नाही. धर्म बदलला म्हणून पाटलाची काठी त्याला ओळखत नाही की काय? 2022 ला बालकृष्णन आयोग नेमला. आयोग नेमणं हा या देशातला जुनाच धंदा आहे.

पण आज मला सरकारला नाही, चर्चला विचारायचंय. ख्रिस्ती म्हणून जगायला नेमकं काय लागतं? बाप्तिस्म्याचं पाणी? रविवारची प्रार्थना? की आणखी काही?

या प्रश्नाला आमच्या वर्ध्यातच एका माणसानं जगून उत्तर दिलंय. जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे ख्रिस्ती. लंडनला हिशेबतपासनीस झाले, मग कोलंबिया विद्यापीठात गेले. ज्या सेलिग्मनच्या हाताखाली बाबासाहेब शिकले, त्याच सेलिग्मनच्या हाताखाली हेही शिकले. 1934 ला ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा मगनवाडीत येऊन राहिले. 1930 च्या सत्याग्रहात साम्राज्याच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या कलकत्त्याच्या बिशप वेस्टकॉटना त्यांनी जाहीर जाब विचारला. 1942 नंतर जबलपूरच्या तुरुंगात बसून येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिलं. म्हणणं साधं : येशूची पूजा करू नका, येशूसारखं वागा. दुसऱ्याच्या घामावर जगणारा माणूस कितीही प्रार्थना करो, तो ख्रिस्ती नव्हे.

इथपर्यंत कुमारप्पांना आपला जयभीम.

पण पुढं भांडण आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. कुमारप्पांना खेडं वाचवायचं होतं. कुठलं खेडं? ज्याच्या वेशीबाहेर आमचा बाप राहत होता ते! त्याच वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चाललं. मेलेल्या जनावराचं कातडं नीट कसं कमवावं, हा ग्रामसेवेचा धडा झाला. तिकडं बाबासाहेब 1927 पासून सांगत होते, मेलेली ढोरं ओढू नका, मेल्याचं मास खाऊ नका. एक म्हणतो, काम पवित्र करा. दुसरा म्हणतो, काम सोडा, कारण ते तुमच्या बोकांडी जातीनं बसवलंय. दोघंही एकाच सरांचे विद्यार्थी. फरक कुठं पडला? एकानं वेस आतून पाहिली, दुसऱ्यानं बाहेरून.

म्हणून मला कुमारप्पांच्या येशूत एक गोष्ट जोडायचीय. ती बायबलातलीच आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी विहिरीवर बसलाय. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांना हलके समजत, त्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत. आणि हा यहुदी तिच्याकडं पाणी मागतो! बाईच चकित होते. तू माझ्याकडं कसं मागतोस?

वाचताना मला महाडचं चवदार तळं दिसलं. आपण 20 मार्च 1927 ला तळ्यावर गेलो आणि पाणी पिऊन दाखवलं. येशू उलट्या बाजूनं आला. वरच्या जातीचा माणूस खालचीच्या घागरीपुढं ओंजळ धरून उभा राहिला. माझ्या मते ख्रिस्ती जगणं इथं सुरू होतं. बाकी घंटा, झगे, मेणबत्त्या हा सगळा नंतरचा पसारा.

आता चर्चनं छातीवर हात ठेवून सांगावं, ही घागर तुमच्याकडं कुठंय? या देशात अशीही चर्चं निघाली की जिथं दलितांचे बाक वेगळे आणि मेल्यावर दफनभूमीही वेगळी. जात सोडून येशूकडं आलेल्याला तुम्ही पुन्हा जातीतच पुरलं. बाबासाहेबांची तक्रार हीच होती. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला शिकवलं गेलं की तुझी अवस्था तुझ्या पापामुळं आहे. मग तो व्यवस्थेशी लढणार कसा? तो डोळे मिटून क्षमा मागत बसला. अरे, क्षमा त्यानं कशाची मागायची? मागायचीच तर तळं अडवणाऱ्यांनी मागावी!

आणि आपणही जरा आरसा पाहू. मावसभावाला आपण "पाववाला" म्हणून हिणवतो. तो मोर्चात आला तर झेंड्याआधी त्याचा क्रूस पाहतो. ही कुठली मुक्ती? ज्यानं जात नाकारली तो आपला माणूस. मग तो बुद्धाच्या वाटेनं येवो की विहिरीवरच्या येशूच्या.

तेव्हा दाखल्याची त्याची लढाई आपली लढाई आहे. पण त्यालाही सांगतो, भाऊ, सरकारशी आपण मिळून भांडू. तू तेवढा तुझ्या चर्चमध्ये उभा राहून विचार, इथं माझ्या घागरीचं पाणी कोण कोण पितं?

जो पितो तो ख्रिस्ती. बाकीचे नुसते रविवारचे.