रसात फळ किती?

सुट्टी लागली की नालासोपारा-विरारच्या चाळींत पाहुण्यांची मुले येतात. पूर्वी घरात लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत होत असे. आता कोपऱ्यावरच्या दुकानातून ज्यूसची पाकिटे येतात. आईला वाटते, काळ्या कोल्ड्रिंकपेक्षा हे बरे. वर आंब्याचे चित्र आहे म्हणजे आत आंबाच असणार.

भगिनींनो, पाकीट उलटे करून बारीक अक्षरे वाचा. 'फ्रूट ड्रिंक' म्हणून विकायच्या पेयात कायद्याने किमान १० टक्के फळाचा रस पुरतो, लिंबाच्या पेयात तर ५ टक्के. उरलेले मुख्यतः पाणी आणि साखर. यात चोरी नाही, तसे छापलेले असते. फक्त ते वाचायला चष्मा लागतो आणि चित्र बघायला लागत नाही!

'शंभर टक्के' या शब्दांची गोष्ट निराळी. बरेचसे रस कारखान्यात आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून तयार होतात. तरी वर '१०० टक्के फळांचा रस' असे ठळक छापले जाई. जून २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हा दावा काढून टाकण्याचा आदेश दिला. किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली असेल तर 'गोड केलेला रस' असे लिहा, असेही बजावले. डाबर कंपनीने या आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.

कारखानदारांचे म्हणणे असते की इन्स्पेक्टर कशाला, आम्हीच आमची तपासणी करतो. कायदाही बराचसा याच भरवशावर चालतो. परवाना घेतलेल्या कारखान्याने दर सहा महिन्यांनी आपला माल प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा आणि नोंदी ठेवायच्या. ही पद्धत मुळातच खोटी आहे असे मी म्हणत नाही. जर्मनीत १९७४ पासून रस उत्पादकांचीच एक संस्था बाजारातून नमुने उचलून तपासते. पण ज्याचा माल त्याचाच तराजू असला की काय होऊ शकते, ते अमेरिकेत दिसले.

बीच-नट ही तिकडची बाळांच्या आहाराची नामांकित कंपनी. सफरचंदाचा शुद्ध रस म्हणून ती तान्ह्या मुलांसाठी जे विकत होती, त्यात सफरचंद जवळजवळ नव्हतेच. साखरेचे पाणी, आम्ल, रंग आणि वास. आटवलेला रस बाजारभावापेक्षा स्वस्त मिळत होता, म्हणून कोणी खोलात गेले नाही. कंपनीतलाच संशोधक जेरोम लिकारी याला संशय आला. त्याने १९८१ मध्ये वरिष्ठांना लेखी कळवले. कोणी ऐकले नाही, तेव्हा त्याने नोकरी सोडली. १९८२ मध्ये उत्पादकांच्या संघटनेने नेमलेल्या गुप्तहेराने पुरावाच समोर ठेवला, तरी माल लगेच थांबला नाही. शेवटी १९८७ मध्ये कंपनीने २१५ गुन्हे कबूल केले आणि २० लाख डॉलर दंड भरला. तोवर ते पाणी किती बाळांच्या बाटलीत गेले असेल!

हे सांगण्याचे कारण असे की वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे भागात गाळ्यागाळ्यांत कारखाने आहेत, आणि आपल्या वस्त्यांतले किती तरी हात तिथे रोजावर राबतात. खाण्यापिण्याचा माल भरणाऱ्या गाळ्यात पिंपात काय पडते, ते साहेबाच्या आधी ढवळणाऱ्याला आणि लेबल चिकटवणाऱ्या बाईला दिसते. अशा कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, टायफॉईडसारख्या रोगांवरील लस दिली पाहिजे, दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असला पाहिजे, असा नियम आहे. आपल्या घरातली कोणी अशा कामावर असेल तर तिला विचारा, शेवटची तपासणी कधी झाली?

पाकिटावर परवान्याचा १४ आकडी क्रमांक असतो. तो टिपून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००२२२३६५ या क्रमांकावर तक्रार करता येते, फोनला पैसे पडत नाहीत. अन्न सुरक्षा कायद्याच्या ९५व्या कलमात गुन्हा उघडकीस आणायला मदत करणाऱ्यास बक्षीस देण्याचीही तरतूद आहे. ठेकेदार दुसऱ्या दिवशी कामावर घेईल, अशी हमी मात्र त्या कलमात नाही.