शौक की मिरवणूक?

खंडेनवमीला आमच्या सोलापुरातल्या आणि भोवतालच्या तालुक्यांतल्या कितीतरी घरांत बंदुका वर्षातून एकदा खाली उतरतात. त्या दिवशी त्यांना झेंडू मिळतो, हळदकुंकू मिळते, पळीभर पाणी मिळते आणि क्वचित नारळही फुटतो. दुसऱ्या दिवशी सोने लुटून झाले की ती बंदूक नळीत गेलेल्या हळदीसकट आणि चापाखाली सुकलेल्या पाकळीसकट पुन्हा कपाटावर चढते, ती पुढल्या नवमीपर्यंत. पोलाद भाविक नसते. त्याला ओल लागली की ते गंजते, मग ती ओल पंचपात्रातली का असेना. या वार्षिक विधीला आमची मंडळी ‘बंदुकीचा शौक’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या या वापराशीच माझे भांडण आहे.

मी स्वतः चाळीस वर्षे परवानाधारक आहे हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर कोणी म्हणायचा, या गृहस्थाला फटाक्याचीही भीती वाटत असेल. मला बंदूक आवडते. चांगल्या दुनळीचा सांधा मिटताना होणारा तो नेमका, दबका आवाज मला गवयाच्या षड्जाइतका प्रिय आहे. म्हणूनच तिची चाललेली विटंबना बघवत नाही.

पहिली विटंबना खरेदीत होते. बंदूक घ्यायला निघालेल्या माणसाने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा असतो: मी ही चालवणार कशावर? पण आमचा शौकीन विचारतो, ‘शेजाऱ्याकडे कोणती आहे?’ शेजाऱ्याकडे ३१५ बोअरची रायफल असली की यालाही तीच हवी. आता आपला मुलूख कसा आहे ते पाहा. मोहोळपासून अक्कलकोटापर्यंत सपाट माळ. गोळी अडवायला ना डोंगर ना दाट झाड. छऱ्यांचा जोर काहीशे पावलांत संपतो, पण रायफलची गोळी मैलभरापलीकडच्या वस्तीवर जाऊन पडू शकते, आणि तिथे कोण भाकरी भाजत बसले आहे हे झाडणाऱ्याला ठाऊकही नसते. अशा मुलखात पाठीमागे मातीचा बांध नसताना रायफल झाडणे हा शौक नव्हे, अविचार आहे.

दुसरा प्रकार बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरवाल्यांचा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आणवता येत नाही. म्हणून एखादे जुने विलायती रिव्हॉल्व्हर हाती लागले की त्याच्यासाठी हा गृहस्थ शेताचा तुकडा विकायला निघतो. घेतो, आणि तिजोरीत ठेवतो. कशासाठी, म्हणून विचारा. ‘संरक्षणासाठी!’ तिजोरीची किल्ली बायकोच्या कमरेला, बायको माहेरी, आणि आजवर झाडलेल्या गोळ्या शून्य. चोर आलाच तर त्याला ओसरीवर बसवून चहा द्यावा लागेल.

त्यातल्या त्यात शहाणी निवड म्हणजे साधी बारा बोअरची दुनळी. बारा बोअर म्हणजे काय, हे दहा बंदूकवाल्यांना विचारले तर नऊ जण बाराचा संबंध इंचाशी नाहीतर मिलिमीटरशी लावतात. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोल गोळे केले, तर त्यांतला एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. मालकीणबाईंना मिक्सरची वॅट माहीत असते, मालकांना बंदुकीची बोअर माहीत नसते!

पण खरेदीपेक्षा मोठा घोळ वारशात होतो. आजोबांची, पणजोबांची दुनळी वाड्यात असते, आणि तिच्या नळीवर लाटांसारखी सुरेख नक्षी असते. घरचे लोक ती नक्षी पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. सोलापूरकरांना ही नक्षी समजायला अडचण पडू नये. आपल्या चादरीवरचे जकार्डचे फूल वरून छापलेले नसते, ते विणीतूनच येते; तशी ही नक्षीही वरून कोरलेली नसते. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकून ती नळी केलेली असते. म्हणजे तिच्या अंगावर शेकडो सांधे आहेत. ती बहुधा काळ्या दारूच्या जमान्यात, काळ्या दारूचाच दाब सोसण्यासाठी घडवलेली आणि तपासलेली असते. तिच्यात आजच्या बिनधुराच्या दारूचे काडतूस घालायचे म्हणजे आजोबांना शर्यतीत पळवायचे. त्यातून जुन्या बंदुकीत काडतुसाचे घर कित्येकदा अडीच इंचांचे असते आणि आजचे काडतूस उघडल्यावर पावणेतीन इंच होते. ते बसते, बसते म्हणूनच घात होतो. पुढच्या आवळ जागेत त्याचे तोंड पुरते उघडत नाही आणि दाब वाढतो. फुटलेली नळी पहिल्यांदा कोणाचा हात घेते? पुढच्या लाकडाखाली असतो तो डावा हात.

अशी बंदूक काचेच्या कपाटात शोभते. तिथे तिने सुखाने राहावे. पण परवान्यावर नोंद आहे आणि खिशात काडतुसे आहेत म्हणून वरातीत तिचा बार काढणाऱ्या वरपित्याला काय म्हणावे? २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. दारूकामाची हौसच असेल तर गड्ड्याच्या यात्रेतले होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम पाहावे. ते जाणती माणसे करतात, आणि वर उडवलेले ते वरच विझवतात.

सजावटीच्या वेडाबद्दल लिहायला घेतले तर अंक पुरणार नाही. दस्त्यावर वाघाचे तोंड, नळीला निकेलचा चकचकीत मुलामा, चापाला पितळी टोपण. एकाने तर सगळी बंदूक चिंच लावून समयीसारखी घासून काढलेली मी पाहिली आहे! नळीवरचा तो निळसर काळा रंग मळ नव्हे, गंजाविरुद्धचे कवच आहे, हे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, ‘पण आता कशी लख्ख दिसते!’ दुसरे एक सद्गृहस्थ आत खोबरेल ओततात. आपल्याकडच्या मार्गशीर्षात खोबरेल बाटलीत थिजते, मग कुलुपातल्या कमानीवर थिजणार नाही काय? ऐन वेळी घोडा अर्ध्यावर अडकतो आणि दोष कारखान्याला. बंदुकीची खरी सुधारणा म्हणजे दस्ता आपल्या हाताच्या लांबीचा करून घेणे आणि खांद्याला रबरी गादी बसवणे. त्याने नेम सुधारतो. पण ते फोटोत दिसत नाही.

आता दुरुस्ती. इथे माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही. आपले शहर कारागिरांचे आहे. मागाचा कसलाही सुटा भाग एका दुपारी लेथवर उतरवून देणारे हात इथे गल्लोगल्ली सापडतात, आणि त्या हातांचा मला अभिमान आहे. पण म्हणून आतली कमान तुटली की बंदूक गोणपाटात गुंडाळून त्याच लेथवाल्याकडे न्यायची? कमान मोडली तर काय, करून देईल तो! करून देईलही. पण पोलादाला किती पाणी द्यायचे, काडतुसाच्या टोपीवर आपटणारी पिन किती बाहेर यावी, याचा हिशोब मागाच्या धोट्याहून वेगळा आहे. पिन जरा लांब झाली की टोपी भोसकून वायू मागे, मालकाच्या डोळ्यांकडे येतो. चाप जरा हलका झाला की बंदूक नुसती आपटली तरी उडते.

आणि कायदा? १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्यावाचून बंदूक दुरुस्त करणे हा बेकायदा बंदूक बनवण्याच्याच पंगतीतला गुन्हा आहे, आणि आता त्याला निदान सात वर्षांची कैद आहे. ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. ‘बाळगायला सोयीची’ म्हणून नळी कापून आखूड करून घेणाऱ्याचीही तीच गत. बंदुकीचे मालक वकील लावतील. त्या लेथवाल्याच्या पोरांनी काय लावायचे? पाचशे रुपयांच्या कामासाठी एका गरीब कारागिराला तुरुंगाच्या दारात उभे करणारा माणूस स्वतःला शौकीन म्हणवतो, याची मला चीड येते. परवानाधारक दुरुस्तीवाला पुण्यात असेल, मुंबईत असेल. जायला एक दिवस मोडतो, चार पैसे अधिक पडतात. त्याची पावती मिळते. तेवढी ऐपत नसेल तर बंदूक ठेवण्याचीही ऐपत नाही, हे ओळखावे.

इथे आमचे एक देशभक्त स्नेही उठून उभे राहतात. ‘शस्त्र हा नागरिकाचा हक्क आहे! सोलापूरकराने तरी हे विसरू नये!’ मी विसरलेलो नाही. १२ मे १९३० ला या गावावर लष्करी कायदा बसला आणि जूनअखेरपर्यंत, सात आठवडे, गाव संगिनीखाली होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिले. १८७८ च्या कायद्याने गोऱ्याला मोकळीक आणि काळ्याला बंदी होती, आणि त्याविरुद्धचा राग न्याय्य होता. पुढे मार्चमध्ये कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला, हेही खरे. पण तो ठराव पुरता वाचावा: त्यासाठी केलेल्या नियमांना आणि मर्यादांना धरून, असे त्यातच म्हटले आहे. आणि मुख्य म्हणजे चार पुतळ्यांपाशी उभे राहून मला कोणी सांगावे, की त्या चौघांच्या बलिदानाचा आणि निकेल चढवलेल्या दस्त्याचा संबंध काय?

शिकारीचे नाव तर काढूच नये. जुन्या दिवाळी अंकांत शिकारकथा असत, आणि त्या मीही चवीने वाचल्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो खेळ मिटला. पलीकडे नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तो उमदा पक्षी आता तिथे दिसला तर नवल. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली नोंद वनखात्याकडे करावी असा नियम आहे, आणि तिथे नवा परवाना वनखात्याच्या संमतीवाचून मिळत नाही. काळवीट ज्वारी खातो, रानडुक्कर ऊस लोळवते. शेतकऱ्याचे दुःख खरे आहे आणि त्याची भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण पीक-संरक्षणाचा परवाना म्हणजे काळविटावर बार टाकण्याची सनद नव्हे.

मग बंदूक चालवायची कशावर? कागदावर! काळ्या वर्तुळाच्या, दहा पैशांच्या कागदावर. हे म्हटले की आमचे शौकीन नाक मुरडतात. त्यांनी कोल्हापूरकडे पाहावे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने गोळ्या झाडून ४५१.४ गुणांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आला. यांच्या हत्यारांवर वाघाचे तोंड नव्हते. त्यांच्या दस्त्यांना स्क्रू होते, आणि ते अर्ध्या मिलिमीटरने मागेपुढे करण्यात त्यांची वर्षे गेली. शौक याला म्हणतात. घरच्या मुलाला गोडी लावायची तर वीस ज्यूलपेक्षा कमी जोराच्या .१७७ च्या हवाई बंदुकीला परवानाही लागत नाही. पण त्याआधी, याच दिवाळीत, त्याच्या हातातले टिकल्यांचे पिस्तूल कोणाच्याही तोंडावर रोखू देऊ नका. पहिला धडा तोच आहे आणि तो चार वर्षांच्या पोराला कळतो.

घरातल्या बायकांना माझे सांगणे आहे की फराळाचे डबे भरून झाले की एकदा मालकांना विचारा: ती वरची भरलेली आहे का? काडतुसे कुठे आहेत? किल्ली कोणाकडे? बंदूक आणि काडतुसे दोन वेगळ्या कुलुपांत, हा साधा दंडक आहे. ‘अगं, रिकामीच आहे ती’ हे उत्तर पत्करू नका. उघडून, नळीतून पलीकडचा उजेड दाखवायला लावा. वैतागलेला तरुण, दारू चढलेला पाहुणा, कुतूहलाने चढलेले पोर, यांच्यापैकी कोणालाही कपाटाची उंची अडवत नाही.

सरकारलाही माझी एक सूचना आहे. २०१६ च्या नियमांनी नव्या अर्जदाराला शस्त्रसुरक्षेचे शिक्षण घ्यायला लावले, ते उत्तम झाले. २०१९ मध्ये तीनऐवजी दोनच बंदुका ठेवा म्हटले, तेव्हा मी वडिलांची रायफल सोडली. वाईट वाटले, पण ती या माळावर चालवण्याजोगी नव्हतीच. आता दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते. त्या अर्जाला फोटोबरोबर एक कागद जोडायला लावावा: अधिकृत रेंजवर, पंचासमक्ष, स्वतःच्या बंदुकीने भोके पाडलेला. ‘म्हाताऱ्या माणसांनी काय करायचे?’ असे मला एकाने विचारले. मला बहात्तरावे चालू आहे, आणि पन्नास मीटरवर बावीस बोअरने दहांतल्या सहा गोळ्या मी अजून काळ्यात ठेवतो. माझ्याहून तरुण असून ज्याला ही अट जड वाटते, त्याने बंदूक परवानाधारक दुकानात जमा करून यावी. त्याचीही पावती मिळते.