सचिनला दोष का?



गावसकरांसारखे सचिनने वेळेवर थांबायला हवे होते, असे आपल्या एका वाचकाने लिहिले आहे. बंगळुरूची ९६ धावांची खेळी (मार्च १९८७) सगळ्यांनाच आठवते. पण गावसकर तिथे थांबले ते फक्त कसोटीतून! ऑक्टोबरअखेर नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी एकदिवसीय कारकिर्दीतले एकमेव शतक ठोकले. पाचच दिवसांनी, वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, डिफ्रेटसने ४ धावांवर त्यांचा त्रिफळा उडवला. यातली योग्य वेळ कोणती, हे पत्रलेखकाने सांगावे.

सचिनचे शेवटचे कसोटी शतक जानेवारी २०११ मधले, केपटाउनचे. पुढे तो नोव्हेंबर २०१३ पर्यंत खेळला. हे खरेच. पण संघ काही तो निवडत नव्हता. ते काम निवड समितीचे, आणि ती मोठ्या नावालाही हलवू शकते: १९७१ साली समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वापरून पतौडींऐवजी वाडेकरांना कर्णधार केले. केवढा गहजब झाला! सचिनला मात्र कसोटी संघातून कोणी कधी वगळलेच नाही. राग काढायचाच तर निवड समितीवर काढा. खेळावेसे वाटणे हा काही फलंदाजाचा गुन्हा नव्हे.

– एक वाचक, दादर