कंपन्यांची सोयरीक आणि गिऱ्हाइकाची निवड

दोन पेढ्या एक झाल्याची वार्ता बाजारात येताच पहिला प्रश्न भावाचा निघतो : आता माल महागणार की स्वस्त होणार? एकाच मालाच्या दोन उत्पादकांनी सोयरीक केली असेल, तर उत्तराचा अंदाज बांधणे कठीण नसते. काल दोन विक्रेते होते, आज एक उरला. घासाघीस करण्याची सोय तेवढी घटली. अशा आडव्या विलीनीकरणाकडे सरकारचे आणि व्यापाऱ्यांचेही लक्ष असते.

सोयरिकीचे आणखी दोन प्रकार मात्र सहसा नजरेतून सुटतात. मालाचा पुरवठादार आणि तो माल वापरणारा उत्पादक एका घरात आले, तर ते उभे विलीनीकरण. निरनिराळ्या मालाचे व्यवसाय एका छत्राखाली आले, तर ते संमिश्र विलीनीकरण. या दोन्ही प्रकारांत व्यवहाराच्या दिवशी प्रत्येक बाजारातील विक्रेत्यांची संख्या होती तेवढीच राहते. त्यामुळे काहीच बदलले नाही असा समज होतो. तोटा झालाच, तर तो पुढे, हळूहळू, आणि भावापेक्षा अटींमधून प्रकट होतो.

न्यायाने प्रथम लाभाची बाजू पाहावी. समजा, सूत काढण्यास १०० रुपये खर्च येतो. सूतगिरणी त्यावर २० टक्के नफा चढवून ते १२० रुपयांना विकते. विणकामाचा खर्च क्षणभर बाजूला ठेवला, तरी कापडवाला त्या १२० वर पुन्हा २० टक्के चढवतो आणि आकडा १४४ वर जातो. नफ्यावर नफा चढतो, कापड महागते आणि विक्री घटते. दोघे एका घरात आले, तर तेच कापड १४४ पेक्षा कमी भावात, परंतु अधिक प्रमाणात विकून एकत्रित नफा वाढवता येतो. गिऱ्हाइकाचाही फायदा होतो. मालाची प्रत, वेळेवर पुरवठा, साठ्याचा हिशेब यांतही एकसूत्रीपणा येतो. म्हणून उभ्या विलीनीकरणाला सरसकट दोष देणे चुकीचे ठरेल.

धोका निराळ्या ठिकाणी असतो. ज्या गिरणीचे सूत गावातील दहा कापडवाले वापरत होते, ती त्यांपैकी एकाच्या घरात गेली, तर उरलेल्या नऊ जणांचे काय? त्यांना सूत नाकारण्याचीही गरज नसते. ते थोडे उशिरा द्यावे, थोडे महाग द्यावे, उधारीची मुदत कमी करावी, एवढे पुरते. शिवाय त्या नऊ जणांनी किती सूत, कोणत्या प्रतीचे आणि कोणत्या महिन्यात मागवले, हा त्यांच्या धंद्याचा आतला हिशेब आता प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर जातो. त्यांना दुसऱ्या गिरणीचे सूत मिळत असेल, तर चिंता नाही. दुसरी गिरणीच नसेल, तर मात्र एकेकाचा माग थांबतो आणि शेवटी कापडाचा भाव ठरवणारा एकच उरतो.

संमिश्र विलीनीकरणही बहुधा निरुपद्रवी असते. धान्याच्या व्यापाऱ्याने कापडाचे दुकान विकत घेतले, म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. परंतु एका मालातील ताकद दुसऱ्या मालासाठी वापरली जाऊ लागली, की प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील क्लोरॉक्सचा खटला याचा प्रसिद्ध दाखला आहे. क्लोरॉक्स ही कपडे शुभ्र करणाऱ्या घरगुती ब्लीच द्रवाची अग्रगण्य कंपनी होती. देशातील निम्म्याच्या जवळपास विक्री तिच्याकडे होती. साबण आणि धुण्याच्या पावडरी विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने ती १९५७ साली विकत घेतली. प्रॉक्टर स्वतः ब्लीच बनवत नव्हती. म्हणजे दुकानातील स्पर्धक एकानेही कमी झाला नव्हता. तरीही १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे विलीनीकरण बेकायदा ठरवले. सर्व कंपन्यांचे ब्लीच रासायनिकदृष्ट्या सारखेच होते, त्यामुळे विक्री जाहिरातीवर आणि दुकानातील जागेवर अवलंबून होती. देशातील सर्वांत मोठ्या जाहिरातदाराचे बळ क्लोरॉक्सच्या पाठीशी उभे राहिल्यावर लहान उत्पादक टिकणार कसे, हा पहिला मुद्दा होता. दुसरा त्याहून सूक्ष्म : प्रॉक्टर उद्या स्वतःचे ब्लीच आणू शकली असती, तो उद्याचा स्पर्धक या खरेदीने नाहीसा झाला. पुढे अनेक अर्थतज्ज्ञांनी या निकालावर टीका केली. जाहिरातीतील बचत हा गुन्हा कसा, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल आजही रास्त आहे. परंतु स्पर्धकांची केवळ संख्या मोजून भागत नाही, हा धडा कायम राहिला.

महाराष्ट्राच्या अगदी जवळचे उदाहरण बियाण्यांचे आहे. जर्मनीच्या बायर कंपनीने अमेरिकेची मोन्सँटो विकत घेण्याचा सुमारे ६६ अब्ज डॉलरचा करार सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झाला. पीकसंरक्षक औषधांत बायर मोठी, तर बियाणे आणि त्यांतील जनुकीय तंत्रज्ञानात मोन्सँटो मोठी. त्याच सुमारास डाऊ व ड्यूपाँट एक झाल्या आणि सिंजेंटा चिनी कंपनीच्या ताब्यात गेली. जगाच्या बियाणे-औषध व्यापाराची सूत्रे मोजक्या हातांत एकवटत होती.

भारतात या सोयरिकीचा संबंध थेट कापसाशी होता. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला रोखणारे हे तंत्रज्ञान मोन्सँटोचे होते. जालन्याची महिको, म्हणजे १९६४ साली स्थापन झालेली महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, आणि मोन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीमार्फत ते देशातील अनेक बियाणे कंपन्यांना परवान्यावर दिले जात असे. महिकोत मोन्सँटोचा २६ टक्के हिस्साही होता. म्हणजे बियाणे कंपन्या परस्परांच्या स्पर्धक होत्या, तरी त्यांच्या पाकिटातील मुख्य गुण एकाच उगमातून येत होता. असा उगम ज्याच्या हाती, त्याचाच बियाण्यांचा आणि औषधांचा विस्तृत व्यवसाय असेल, तर उभ्या आणि संमिश्र, दोन्ही प्रकारच्या शंका एकाच वेळी उत्पन्न होतात.

भारतीय स्पर्धा आयोगाने या व्यवहाराची सविस्तर चौकशी केली, जनतेकडून हरकती मागवल्या आणि २०१८ मध्ये अटींसह संमती दिली. अटी दोन जातींच्या होत्या. पहिल्या, विकून टाकण्याच्या : महिकोतील २६ टक्के हिस्सा विकावा, ग्लुफोसिनेट हे तणनाशक आणि भाजीपाला बियाण्यांचा बायरचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे द्यावा. दुसऱ्या, वागणुकीच्या : सात वर्षे तंत्रज्ञानाचे परवाने इतर बियाणे कंपन्यांना वाजवी आणि भेदभावरहित अटींवर द्यावेत, आणि स्पर्धकांना बाजारातून हटवण्यासाठी मालाची जोडविक्री करू नये. या दोन जातींतील फरक महत्त्वाचा आहे. विकलेला हिस्सा सहजासहजी परत येत नाही. वागणुकीच्या अटींना मात्र मुदत असते. ती संपली, की पुन्हा बाजाराच्या शहाणपणावर आणि कायद्याच्या दक्षतेवर भिस्त ठेवावी लागते.

या उदाहरणात भावाने फारसे काही कळले नसते, हेही ध्यानात घ्यावे. बीटी कापसाच्या बियाण्याची कमाल किंमत २०१६ पासून केंद्र सरकार ठरवते. त्या वर्षी बोलगार्ड-२ च्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाला ८०० रुपये कमाल भाव होता. जेथे भाव बांधलेला असतो, तेथे स्पर्धेचा ऱ्हास निराळ्या वाटेने येतो : मागितलेले वाण मिळत नाही, नवे वाण बाजारात येत नाही, किंवा एक वस्तू घेतल्याशिवाय दुसरी मिळत नाही.

या शेवटच्या प्रकाराला खतांच्या व्यापारात ‘लिंकिंग’ म्हणतात. शेतकऱ्याला हवे असते एक खत. त्याच्यासोबत न खपणारा दुसरा माल उचलण्याची सक्ती कृषी सेवा केंद्रावर होते. दुकानदाराने तो माल स्वतःजवळ ठेवला, तर भांडवल अडकते. शेतकऱ्याच्या गळ्यात मारला, तर पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पत जाते. कंपनीचे नाव शेतकऱ्याला ठाऊक नसते. त्याच्या लेखी लुबाडणारा असतो समोरचा दुकानदार. लिंकिंगसाठी विलीनीकरण झालेच पाहिजे असे नाही. परंतु ज्या घराकडे टाळता न येणारा एक माल आणि सोबत दहा साधारण माल असतात, त्या घराला ही सक्ती अधिक सोपी जाते. संमिश्र विलीनीकरणाने नेमके असेच घर निर्माण होऊ शकते.

२००२ चा स्पर्धा कायदा याच कारणासाठी व्यापाऱ्याने समजून घेण्याजोगा आहे. त्यातील विलीनीकरणाच्या तरतुदी १ जून २०११ पासून अमलात आहेत. स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होईल काय, हे ठरवताना पर्यायी माल मिळतो काय, नव्यांना प्रवेश आहे काय, उभी एकजूट किती आहे आणि लाभ तोट्याहून अधिक आहेत काय, हे सारे आयोगाने पाहावयाचे असते. सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटी रुपयांहून अधिक मूल्याचे आणि भारतात भरीव व्यवसाय असलेल्या कंपन्यांचे व्यवहारही आयोगापुढे आणावे लागतात. आज उलाढाल लहान, पण उद्या मोठी होणारी कंपनी गुपचूप गिळली जाऊ नये, हा त्यामागील हेतू. सविस्तर चौकशीत व्यवहाराचा तपशील जाहीर केला जातो आणि बाधित व्यक्तीला लेखी म्हणणे मांडता येते. जोडविक्रीची सक्ती स्पर्धेला मारक ठरत असेल, तर तिच्याविषयीही आयोगाकडे माहिती देता येते.

अशा हरकतीला पुरावा लागतो, आणि तो दिल्लीत तयार होत नाही. कोणत्या महिन्यात कोणता माल मागितला, किती मिळाला, सोबत काय घ्यावे लागले, उधारीची अट कधी बदलली, या नोंदी वितरकाच्या आणि दुकानदाराच्या वहीत असतात. एकट्या दुकानदाराने तक्रार केली, तर पुरवठा तुटण्याची भीती असते. म्हणून हे काम व्यापारी संघटनेमार्फत, तारीखवार नोंदींसह करणे श्रेयस्कर.

मोठी होणारी प्रत्येक कंपनी अन्यायी नसते आणि मोडणारी प्रत्येक सोयरीक गिऱ्हाइकाच्या हिताची नसते. कसोटी साधी आहे. विलीनीकरणानंतर अटी जाचक झाल्या, तर दुकानदाराला दुसरा पुरवठादार आणि शेतकऱ्याला दुसरे वाण मिळते काय? मिळत असेल, तर मोठेपणाचा लाभ सर्वांपर्यंत पोहोचतो. मिळत नसेल, तर आजची स्वस्ताई ही उद्याच्या महागाईची केवळ सुरुवात असते.