काचेच्या पेटीतील दिवस आणि रात्र

गेल्या उन्हाळ्यात निर्ण्यातील एका घरी आमचे जाणे झाले. ओसरीवर मुलांनी माशांची काचपेटी मांडली होती. तीत चार गोल्डफिश होते, आणि पेटीच्या एका बाजूस निळ्या प्रकाशाची एलईडी पट्टी बांधलेली होती. "समुद्र वाटतो की नाही?" असे घरधन्यांनी कौतुकाने विचारले. आम्ही मान डोलावली खरी. परंतु तीन मासे दगडाआड दडले होते, चौथा दिव्याकडे कलून पोहत होता. धाकटी कन्या रडवेली होऊन विचारीत होती, "हे आजारी आहेत का?" तिच्या त्या प्रश्नापायी आज हा विषय घेतला आहे.

मासे आजारी नव्हते. माशाला वर-खाली कळते ते अंतःकर्णामुळे, तसेच वरून येणाऱ्या उजेडामुळेही. उजेड बाजूने आला की त्याची पाठ तिकडे झुकते. शिवाय निळा रंग खोल समुद्राचा होय. तांबडे किरण पाण्याच्या वरच्या थरांतच शोषले जातात, म्हणून तेथे निळे तेवढे उरते. हातभर खोल पेटीत असे काही घडत नाही. गोल्डफिश तर मूळचा चिनी तळ्यांतला!

ज्यांनी बीदरजवळ नौबाद येथील बहामनीकालीन सुरंग बावी पाहिली असेल, त्यांस आमचे म्हणणे चटकन उमजेल. जांभ्या दगडातून कोरलेल्या त्या भुयारी पाटावर ठिकठिकाणी उभी, विहिरीसारखी तोंडे आहेत. त्यांतून प्रकाश सरळ खाली उतरतो. त्याच्या अल्याड-पल्याड अंधार असतो. उजेडाइतकाच हा अंधारही पेटीत हवा.

म्हणून दिवा झाकणावर ठेवावा, तोही जरा पुढच्या काचेकडे. मागे ठेवल्यास माशांच्या केवळ काळ्या आकृत्या दिसतात. मागील काचेस बाहेरून काळा कागद लावावा आणि तळाशी गडद वाळू घालावी. पांढऱ्या वाळूवरून उजेड परतून माशांचे रंग फिके भासतात. दिव्याच्या वेष्टनावर ६५०० केल्विन असा आकडा असल्यास तो दिवसाच्या उजेडाजवळचा समजावा. लांब पट्टीऐवजी एकच लहान, प्रखर दिवा लावला आणि पाणी किंचित हलते ठेवले, तर तळाशी उन्हाच्या जाळीसारख्या लहरी नाचतात. एका कोपऱ्यावर तरंगती वनस्पती सोडली की सावलीही होते. (तार भिंतीतील सॉकेटपेक्षा खाली लोंबती ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकेल. हे विसरू नये.)

पेटी खिडकीत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. आमच्याकडील वैशाखातल्या उन्हाने पाणी तापते, काचेवर हिरवे शेवाळ चढते.

राहिली रात्र. गोल्डफिशला पापण्या नसतात. डोळे मिटून उजेड चुकविणे त्याला साधत नाही. दिवसाचे आठ-नऊ तास दिवा पुरे. सायंकाळी खोलीतील दिवा चालू असतानाच पेटीचा मालवावा, खोलीचा मागाहून. सकाळी उलट क्रम. एकदम लख्ख उजेड पडला की मासे काचेवर आदळतात. वीज जाऊन अपरात्री परत येते, तेव्हा दिवा आपोआप पेटू नये म्हणून निजण्यापूर्वी बटण बंद करावे.

त्या घरी हे काम धाकट्या कन्येकडे सोपविले आहे. पुन्हा गेलो तेव्हा चारही मासे मोकळ्या पाण्यात होते, आणि ती आम्हांलाच बजावीत होती, "आत्ता दिवा लावायचा नाही, त्यांची रात्र झाली आहे."